चार पानी पत्रक आणि एकोणिसावं कलम

बंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाचं चार पानी मासिक पत्रक मी काढतो. वाढदिवस, दहावीचे निकाल, गणपतीचे कार्यक्रम, एवढाच त्याचा जीव. एकदा नागपूरहून आलेल्या एका सभासद मुलीचं पत्र आलं. शहराबाहेर देवनहळ्ळीच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून विकलेल्या वसाहतीत, तिनं घर घेतलं होतं आणि आठ महिने झाले तरी नळाला पाणी नव्हतं. लेआउट आमच्या अध्यक्षांचाच, हेही तिनं सरळ लिहिलं होतं.

अध्यक्षांना कुणकुण लागली. "अण्णा, तुमचं पत्रक म्हणजे काय पेपर आहे? घटनेचं संरक्षण पेपरवाल्यांना, तुम्हाला नाही," असं म्हणून त्यांनी मला कॉफी पाजली.

मला राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. पेपरवाल्यांना नेमकं काय दिलंय, हे मी तरी कुठं वाचलं होतं? इथल्या शिवाजीनगरातून घटनेची एक जुनी प्रत आणली आणि पेन्सिल घेऊन बसलो. मूलभूत हक्कांचा भाग दोनदा पालथा घातला. वृत्तपत्रांसाठी वेगळं कलम कुठेच नाही! मी चक्रावलो.

शेजारच्या कानडी अक्का कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकोणिसाव्या कलमावर बोट ठेवलं. "स्वल्प सावकाश वाचा, अण्णा. बोलायचा, मत मांडायचा हक्क सगळ्या नागरिकांना. पेपरवाले पण ह्याच दारातनं आत येतात. कोर्टानं तसंच धरलंय." मग बोट खाली सरकलं. "आणि हे बघा, बदनामीला आडकाठी आहे. छापायच्या आधी खरं-खोटं बघून या, सरी?"

दुसऱ्या दिवशी बसनं देवनहळ्ळी गाठली आणि त्या मुलीच्या घरातला प्रत्येक नळ स्वतः फिरवून पाहिला. स्वयंपाकघरातला नुसता फुसफुसला, बाथरूममधल्यानं तेवढंही केलं नाही. कोरडे नळ इतक्या हौसेनं तपासणारा म्हातारा बघून तिला हसू आवरेना.

पत्र छापलं, पहिल्या पानावर, चौकटीत. मी स्वतःवर भलताच खूश होतो. अध्यक्षांचा साधा फोनही आला नाही, याचं नवल तेवढं वाटलं.

रविवारी ती अंक घेऊन घरी आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, लेआउट कुणाचा, ते मी लिहिलेलं कुठंय?"

"जागा पुरली नाही गं."

तिनं अंक उलटला आणि शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. ते अर्धं कोरं होतं. माझी मान खाली गेली. ते वाक्य काढायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.