ऊ टिन शेन आणि बासष्ट मासे

ऊ टिन शेन, म्हणजे टिन शेन काका, आमच्या गल्लीतले सर्वांत प्रामाणिक गृहस्थ. जन्मनोंदणीच्या कचेरीत बसून तीस वर्षं त्यांनी निम्म्या यांगूनची वयं लिहिली. खाडाखोड एकही नाही.

सोमवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ज्योतिषाने उपाय दिला: शनिवारचा जन्म, तर शनिवारीच वयाहून एक जास्त मासा तळ्यात सोडा, सुखरूप घरी याल. मी साहित्याचा पदवीधर, म्हणजे रिकामाच. बादली धरायला मला नेलं.

कांडोजी तळ्याकाठी को पाउक मासे विकतो. लोक ते सोडतात, जीव वाचवल्याचं पुण्य घेऊन घरी जातात. संध्याकाळी को पाउक तेच मासे जाळ्याने काढतो आणि सकाळी पुन्हा विकतो. तळंही गोऱ्यांनी बांध घालून केलेलं. खरं म्हणावं असं तिथे फारसं काही नाही.

काकांनी एकेक मासा मोजून सोडला. "एकोणसाठ," म्हणाले आणि हात जोडले.

काकू पायरीवर बसल्या होत्या. "यमाकडे तुमच्या कचेरीचा दाखला चालतो वाटतं?"

काका पांढरे पडले.

"म्हणजे काय, काकू?" मी विचारलं.

"एकसष्ट पुरी झालीत यांना. नोकरीला लागताना तीन वर्षं गिळली. आता ओका म्हणावं."

मी बादली खाली ठेवली. माझ्या जन्माचा दाखलाही याच माणसाने लिहिला होता.

"मग आधी का नाही बोललीस?" काका पुटपुटले.

"कुणाला बोलू नकोस म्हणालात. तीस वर्षांत सवय लागली."

आम्ही पुन्हा को पाउककडे गेलो. "तीनच?" तो म्हणाला. "काका, एका सकाळीत तीन वर्षांनी म्हातारे झालात?"

सोमवारी रुग्णालयात नर्सने वय विचारलं. इथला कागद रजेच्या अर्जाला जोडावा लागणार होता. साठीला निवृत्ती. काकांनी काकूंकडे पाहिलं आणि सांगितलं,

"एकसष्ट."

"ओळखपत्रावर अठ्ठावन्न आहे."

"ऑपरेशन ओळखपत्राचं नाही, बाई."

काका सुखरूप घरी आले. कचेरीने त्याच महिन्यात त्यांना कायमचं घरी बसवलं.

आता ते रोज सकाळी तळ्यावर जातात. कुणी बादली घेऊन आलं, की जवळ सरकून हळूच विचारतात, "वय खरं धरलंत ना?"

को पाउकचा धंदा वाढला आहे.