कुऱ्हाडीच्या दांड्यातलं शिसं

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल गॅरेजमध्ये सोल्डरचा वास आला आणि स्वतःचीच किळस आली. २००४ साली अमेरिकेत, पार्सिपनीत, शेजारचे म्हातारे अमेरिकन गृहस्थ मला चिलीम-कुऱ्हाड बनवायला शिकवत. कुऱ्हाडीच्या माथ्यावर चिलीम, धूर पोकळ दांड्यातून ओढायचा. दांड्यावरच्या नक्षीच्या खाचांत बिनशिशाचं प्युटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू, वितळवून ओतायचं. तोंडात धरायच्या टोकाचं प्युटर माझ्या हातून सांडलं. कबूल करायची लाज वाटली म्हणून मी गुपचूप मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं वितळवून ओतली. "मेकर गेट्स द फर्स्ट पफ, बडी!" ते म्हणाले. "नो, आय क्विट," मी खोटंच बोललो. मग त्यांनीच ते टोक ओठांत धरून चवीनं झुरके घेतले. रोज घेत राहिले, अगदी शेवटपर्यंत. 'त्यात शिसं आहे, मला माफ करा,' एवढं सांगायला मी रोज कुंपणापर्यंत जायचो आणि 'नाइस वेदर' म्हणून परत यायचो.