आमचे अमेरिकन फुटबॉलचे गमरे सर

गमरे सरांच्या घरी कॅरम होता, पण त्यावर कॅरम खेळायची परवानगी कोणालाच नव्हती. पांढऱ्या सोंगट्या म्हणजे आपण, काळ्या म्हणजे समोरचे आणि स्ट्रायकर म्हणजे बॉल. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या त्या खोलीत आम्ही मुली बोर्डाभोवती बसायचो आणि सर सोंगटी सरकवत विचारायचे, "आता ही कुठं पळेल गो?" सरांच्या मिसेस, आमच्या काकी, चहाचा ट्रे घेऊन ताटकळायच्या. "थांब जरा, टचडाऊन होतोय!" स्ट्रायकर समोरच्यांच्या कडेपर्यंत नेत सर ओरडायचे.

सर मूळचे कबड्डीचे. आपल्याकडे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा पळत्या माणसाला पाडायचं कसं, हे शिकवायला एका संघाने त्यांना घेतलं. मुख्य प्रशिक्षक अमेरिकन. "साहेब अर्धा तास बोलला, मला एक अक्षर कळलं नाय. मग मी त्याचीच पकड केली. खाली पडून हसला नि म्हणाला, गुड!" ही गोष्ट आम्ही कितीदा तरी ऐकली. दर वेळी साहेब थोडा उंच व्हायचा.

लीग एका हंगामात बंद पडली. आपल्याला काहीच वाटलं नाही, असं सर सांगायचे. काकी वेगळं सांगायच्या. मग परळच्या मैदानावर त्यांनी आम्हा मुलींचा फ्लॅग फुटबॉलचा संघ उभा केला. यात कोणाला पाडायचं नसतं, पळणारीच्या कमरेची पट्टी ओढायची. "आयुष्यभर पाडायला शिकवलं, आता न पाडायला शिकवतो. बढती झाली माझी!"

आमच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांना हैदराबादहून फोन आला. लीग नव्याने सुरू होणार होती आणि तिथल्या संघाला मुख्य प्रशिक्षक हवा होता. "मी जातोय," त्यांनी सरळ सांगून टाकलं.

सामन्यात आम्ही पाच गुणांनी मागे होतो आणि शेवटचा डाव उरला होता. सरांनी मला जवळ बोलावलं. "मेघा, काय खेळायचं ते तू सांग."

"मी?"

"पुढच्या आठवड्यापासून तुलाच सांगायचंय. बोल लवकर."

मी डाव्या कडेला लांब पास सांगितला. तो समोरच्या संघातल्या मुलीने अलगद झेलला. आम्ही हरलो.

मी मान खाली घालून उभी होते. स्पर्धेचे एक पदाधिकारी तणतणत आले. "जवळ दोन मुली मोकळ्या होत्या! एवढा लांब पास कोणी सांगितला?"

"मी," सर म्हणाले. "माझं चुकलं."

पदाधिकारी गेल्यावर मी विचारलं, "सर, खोटं कशाला बोललात?"

"खोटं कुठं? तुला सांगायला कोणी सांगितलं? मीच ना? चल, मिसळ खाऊ. भूक लागलीय."

रविवारी सकाळी सर दादरहून हैदराबादला निघाले. त्याच वेळी परळच्या मैदानावर मी पहिल्यांदा शिट्टी वाजवली. बारा मुली माझ्याकडे बघत होत्या. पुढे काय बोलायचं तेच आठवेना. शेवटी कसंबसं म्हणाले, "चला, दोन चकरा!"

आणि त्या खरंच पळाल्या.