अंबडच्या गॅरेजातले दोन फेरे

जालना सोडलं तेव्हा मीटरवर तीन लाख अकरा हजार किलोमीटर झाले होते. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. टुरिस्टची भाडी घेऊन ती शिर्डी, वेरूळ, त्र्यंबकेश्वर फिरली. त्या भाड्यांवर मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आता पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. हे मी अभिमानाने सांगते, त्यात लपवायचं काय?

धाकटी बहीण वैशाली नाशिकजवळ देवळाली कॅम्पात राहते, तिचा नवरा तोफखान्यात आहे. तिच्या मुलीचं बारसं होतं. अण्णांची अट एकच, "नात बघायला जाईन तर माझ्याच गाडीने."

दोन महिन्यांपासून गाडीचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी स्टार्टर खूप वेळ फिरवावा लागे, उभी असली की थरथरे, चढावर ओढत नसे. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. कॉलेजातल्या स्कॅनरने दाखवलं की इंजिनातल्या दोन फिरत्या दांड्यांचा, खालचा क्रँक आणि वरचा कॅम यांचा, मेळ बसत नाही. मी सेन्सर बदलला. दिवा विझला आणि तिसऱ्या दिवशी परत लागला.

"वय झालं तिचं," अण्णा म्हणाले. "आलो की भंगारवाल्याला बोलावतो." नंतर दोन दिवस ते सकाळ-संध्याकाळ गाडी पुसत होते.

येवल्यात चहाला थांबलो आणि गाडी सुरूच होईना. चहावाला कळकट टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. "मॅडम, तुम्ही बसा आत. आम्ही ढकलतो." दोन गिऱ्हाइकं घेऊन त्याने धक्का दिला. निफाडच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागले, पण आमचं लक्ष आवाजाकडे. नाशिकच्या उड्डाणपुलावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढली. मागचा टेम्पोवाला सारखा हॉर्न देत होता. अण्णांनी काच वर केली.

देवळालीत पोचलो आणि सगळा शीण गेला. नात अण्णांच्या बोटाला धरून झोपली. इतकी वर्षं अण्णा भाडं घेऊन नाशिकला यायचे ते गाडीतच झोपायचे. पाहुणा म्हणून पलंगावर झोपायची ही पहिलीच वेळ. संध्याकाळी बारसं झालं. शेजारच्या पंजाबी वहिनींनी पाळण्याला झोका दिला, आमच्या घुगऱ्याही (उकडलेले हरभरे) आवडीने खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून पाच मिनिटांत निकाल दिला, "इंजिन उतरवावं लागेल. एवढ्या चाललेल्या गाडीवर खर्च कशाला करता?" जावईबापूंनी मग अंबडच्या (आमच्या जालन्यातलं नव्हे, नाशिकचं अंबड) गॅरेजवाल्या सुकदेव आप्पांचं नाव सांगितलं.

आप्पा मूळचे सटाण्याकडचे, सत्तरीला आलेले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. नुसतं स्टार्टर मारायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"दोन महिने झाले," मी म्हणाले.

"त्याआधी गाडीला कोणाचा हात लागला होता?"

"टायमिंग बेल्ट बदलला," अण्णा पुढे झाले. "माझ्या मुलीने. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. इंजिनिअर आहे ती."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग बॉनेट उघडून चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारहींचा कमी, पण सारखाच कमी.

"इंजन चांगलं शे (आहे)," ते म्हणाले. "झिजलं असतं तर एखाद्या सिलिंडरचा दाब जास्त पडला असता. चारही एकदम म्हातारे होत नसतात, अण्णा."

त्यांनी क्रँक आणि कॅमला जोडणाऱ्या त्या बेल्टवरचं कव्हर काढलं, रस्त्याकडच्या बाकावर अण्णांना चहा द्यायला लावला, आणि मला म्हणाले, "ताई, जरा आरसा धरा."

आरशात मला दिसलं. खालची, क्रँकची खूण बरोबर जागेवर होती; वरची, कॅमची, एक दात मागे.

"एक दात," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "आणखी एखादा सरकला असता तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते, इंजन संपलं असतं. अण्णांना सांगतो, बेल्ट ढिला पडला म्हणून."

मला सगळं आठवलं. बेल्ट बसवून पुली ताणली की पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा परत बघायच्या. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, चूक असेल तर तिथेच दिसते. मी हे दर वर्षी मुलांना शिकवते. त्या दिवशी मी ते केलं नव्हतं. आणि माझी चूक गाडीच्या वयावर ढकलून आम्ही तिला भंगारात काढायला निघालो होतो.

"नको आप्पा," मी म्हणाले. "मीच सांगते."

अण्णांच्या शेजारी बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ते दोन फेरे द्यायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं."

"त्या दिवशी शनिवार होता. नऊला राहुकाळ लागत होता," अण्णा म्हणाले. "नारळ घेऊन मीच तुझ्या डोक्यावर उभा होतो. 'नऊच्या आत चालू कर' म्हणून."

"तुम्ही सांगितलं तरी मी थांबायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "मास्तरीण तू, मी नाही."

दुपारी आप्पांनी आपला डबा आमच्यापुढे उघडला. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा. मग नवा बेल्ट बसवून त्यांनी पाना अण्णांच्याच हातात दिला. "तुमची गाडी. फिरवा. घाई नको."

अण्णांनी मोठ्याने मोजत दोन फेरे दिले. दोन्ही खुणा समोरासमोर आल्या. किल्ली फिरवली आणि अर्ध्या सेकंदात इंजिन लागलं. आप्पांनी परत डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे वळले. मी त्यांच्या पाया पडले. डिग्रीने मला फेरे का द्यायचे ते शिकवलं होतं. ते न चुकता द्यायला त्यांनी शिकवलं, तेही मला खाली पाहायला न लावता.

परतताना अण्णांनी चालवली. उड्डाणपूल चौथ्या गिअरमध्ये चढलो. येवल्याचा चहावाला लांबूनच ओरडला, "काय मॅडम, धक्का द्यायला येऊ का?"

अण्णांनी गाडी बंद केली, परत चालू करून दाखवली.

"कुठे दुरुस्त केली?"

"नाशिकला, अंबडमध्ये. बेल्ट माझ्या मुलीने बसवला होता, एक दात चुकला," अण्णा म्हणाले. मी कपात बघत राहिले. "मेकॅनिक झाकायला तयार होता. तिने येऊन स्वतः सांगितलं."

माझा इंजिनिअरिंगचा निकाल लागला तेव्हा टॅक्सी स्टँडवर पेढे वाटताना त्यांचा आवाज असाच होता.