हरीभाऊंच्या कपाटातली पुस्तकं

हरीभाऊ भोईर गेले, हे त्यांच्या पुतण्याने कशेळीहून फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्यासाठी ठाण्याहून आणलेलं पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. चांगलं कसं लिहावं, हे शिकवणारं. असली पुस्तकं मी त्यांना सहा वर्षं पुरवली, आणि आज महिना उलटल्यावर मला त्याची लाज वाटते.

हरीभाऊ भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायचे. टेबलावरून ताग्यामागून तागा ओढायचा, तुटलेला धागा दिसला की खडूने खूण करायची. जन्म त्यातच गेला. मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून माझ्याकडे आले. "सर, मना आयवर लिवायचं हाय. पन नीट लिवायचं हाय." खाडीच्या चिखलात कालवं काढून त्या माउलीने चार पोरं वाढवली होती. बाकीची भावंडं गेली. त्या दिवसांची आठवण असलेले हे एकटेच उरले होते.

माझ्याबरोबर दुकानात येऊन पुस्तक निवडतानाही ते कापडच तपासत. 'महिन्याभरात लेखक व्हा' म्हणणाऱ्याला हातही लावायचे नाहीत. प्रस्तावना सोडून थेट मधलं पान उघडायचे. "याचं सोताचं वाक्य बगा, कसं तुटलंय. ह्यो आपल्याला काय शिकवनार?" वाचता वाचता मिटून ठेवावं आणि पेन उचलावं असं वाटायला लावतं, तेच कामाचं पुस्तक, असं त्यांचं मत. पारख पक्की होती... फक्त पेन उचलायचं राहून जायचं. आणि मी शहाणा, "आता पुरे, लिहा" म्हणायचं सोडून पुढचं पुस्तक शोधत राहिलो.

एकदाच, शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर, त्यांनी अर्धं पान वाचून दाखवलं. मी म्हटलं, "छान आहे, पण सुरुवात ढिली आहे." आणि सुरुवात कशी करावी यावरचं पुस्तक सुचवलं. त्यांनी कागद तिथेच फाडला. "फॉल्टी माल भायेर न्हाय जायाचा, सर." मी चक्क हसलो होतो.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी कपाट उघडून दाखवलं. बावीस पुस्तकं, प्रत्येकात शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीच्या खुणा. वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "सर, यातलं यांनी लिवलेलं कंचं?"

मी उगाच एकेक पुस्तक चाळत बसलो. शेवटी त्या फाडलेल्या अर्ध्या पानाबद्दल सांगितलं. "मंग काय व्हतं त्यात, सांगा ना," म्हणत त्या पदर सावरून समोर बसल्या. मी खूप आठवून पाहिलं... सुरुवात ढिली होती, एवढंच मला आठवत होतं.