बुडाला भोक नसलेली जीप

मंडळी, आज माझी वाटच लागली होती!

जुन्या फोर-बाय-फोर जीपच्या चासीवर मी नवी फायबरची बॉडी चढवतोय. ती बनवली वर्सोव्याच्या हरीकाकांनी. त्यांची हयात होड्या बनवण्यात गेली. सकाळी बघतो तर गिअरच्या दांड्यासाठी मी पाडलेलं भोक काकांनी बुजवून टाकलेलं!

"बुडाला भोक ठेवून कोन पान्यात जातं रं?"

"काका, ही रस्त्यावर चालणार!"

काकांनी जीभ चावली. भोक परत पाडलं, बॉडी झकास बसली. मग काकांनी स्वतःच ड्रिल उचललं आणि तळाला आणखी एक भोक पाडलं.

"पावसाचं पानी भायेर नको जायला?"

तेव्हा खात्री पटली, होडी नाही, गाडीच होणार. पुढची सीट काकांची. मागे कोण बसतंय?