पाठीवरचं ओझं कमरेवर आलं

देवीच्या गाभाऱ्यासमोर उभं राहून मी तिच्याशी भांडले, हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. माहूरला धाकट्या बहिणीसोबत ओटी भरायला गेले होते. कॅमेऱ्याची बॅग खालच्या हार-नारळाच्या दुकानात ठेवली होती, तरी पायऱ्या चढताना कमरेतून डाव्या पायात अशी कळ जायची की दर थोड्या वेळानं कठडा धरून थांबावं लागे. आदल्याच आठवड्यात लातूरच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडाकडे धरून सांगितलं होतं, "एका खांद्यावर एवढं वजन वागवणं तरी बंद करा, नाहीतर हे काम तरी बंद करा." नवऱ्यानंही तेच धरून ठेवलं होतं. रांगेत पुढं सरकताना मी मनात म्हणत होते, आई, हे काम तूच दिलंस, मग पाठ अशी का दिलीस? काढून घ्यायचं असेल तर स्पष्ट सांग. नाहीतर मला उभी कर.

घर चालतं ते लग्नांचे फोटो काढून. पण गेली काही वर्षं मी सवड काढून किल्लारीच्या बाजूच्या गावांत जाते. भूकंपात तिथली माणसं गेली, घरं गेली आणि घरांसोबत भिंतीवरचे फोटोही गेले. कुणाकडे एखादा उरला असेल तर तो मातीनं खाल्लेला, काचेला चिकटून बसलेला असतो. काचेपासून सोडवायला गेलं की चेहराच निघून येतो. म्हणून मी काचेसकटच त्याचा फोटो घेते आणि लॅपटॉपवर तो दुरुस्त करते. हे त्यांच्यासमोर बसूनच करावं लागतं, कारण पुसलं गेलेलं काय होतं ते फक्त त्यांच्याच ध्यानात असतं. त्यामुळे कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप सगळं सोबत घेऊन एसटीनं, जीपनं फिरावं लागतं.

माहूरला निघायच्या आधी सरूबाईंचा फोन आला होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पुनर्वसनाच्या गावात एकट्या राहणाऱ्या. "बाई, माझा एक डोळा गेलाच हाय, दुसराबी आता राहत न्हाई म्हनलेत डॉक्टर. लेकीचा एकच फोटो हाय माझ्यापाशी, त्याच्यात तिचं तोंड नीट दिसंना. मला दिसतंय तवर दाव मला."

मी येते म्हणाले होते. शब्द देताना पाठीचा विचारच केला नाही.

माहूरहून परतताना नांदेडला बहिणीकडे मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातल्या बॅगांच्या एका दुकानात गेले. त्याआधी मोबाइलवर चित्र बघून एक पाठीवरची बॅग मागवून झाली होती. तिला कप्पेच कप्पे होते, पण भरली की ती मागं ओढायची आणि कळ दुप्पट व्हायची. आज नीट बघून घ्यायची आणि सरूबाईंकडे जायचंच, असं ठरवून मी बसले. दुकानातल्या मुलीनं सात-आठ बॅगा काढल्या. मी एकेक पाठीला लावून आरशात बघत होते. शेवटी एक मोठी काळी बॅग पसंत केली. माझं झाडून सगळं सामान तिच्यात बसलं असतं.

"माय, रिकामी बॅग घालून आरशात काय बघून राहिलीस? तुझं सामान घाल की आत."

वळून पाहिलं तर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ. आपण अर्धापूरचे, फौजेत होतो, आता नातीसाठी दप्तर बघायला आलोय, हे त्यांनी आपणहूनच सांगितलं. मला थोडा राग आला. सकाळपासून कमर ठणकत होती आणि अनोळखी माणसाकडून शहाणपण ऐकायची इच्छा नव्हती. पण त्यांचा आवाज असा होता की मी निमूट माझी जुनी बॅग उघडली आणि सामान काळ्या बॅगेत भरलं. ती पाठीवर घेतली मात्र, कळ थेट पोटरीपर्यंत गेली. मी काउंटर धरला.

"दुखतंय व्हय? किती दिवसं झाले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग ते दुकानातल्या मुलीला म्हणाले, "पोरी, टेप आन. हिच्या मानंचं ते वर आलेलं हाड हाय ना, तिथनं कमरंच्या हाडापर्यंत मोज."

माझी पाठ आखूड निघाली. काळी बॅग माझ्या पाठीला चांगली चार बोटं लांब होती, तिचा पट्टा कमरेवर न बसता मांड्यांवर येत होता. त्यांनी फळीवरची एक करडी, लहानशी बॅग मागितली. मी म्हणाले, "हिच्यात माझं सगळं नाही बसायचं." त्यावर त्यांनी काउंटरवर पसरलेल्या सामानाकडे बोट केलं. "ही तिकाटणी शेवटची कवा लागली?" ट्रायपॉड शेवटचा कधी उघडला, मला आठवेना. "आन हे लांबडं भिंग?"

"कधी लागलं तर असावं म्हणून..."

"म्हंजे भ्याव वागवून राहिलीस पाठीवर," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. डॉक्टर नाडी बघून सांगतात तसं त्यांनी सांगितलं.

तिकाटणी, लांब लेन्स, दुसरा फ्लॅश बाजूला पडले. लॅपटॉप पाठीला चिकटून, जड लेन्स मधोमध पाठीच्या जवळ, हलकं सामान बाहेरच्या अंगाला, असं त्यांनी लावून घेतलं. स्वतः हात लावला नाही, उभ्यानं सांगत गेले. "आधी कमरंचा पट्टा आवळ. हाडावर बसू दे. मग खांद्याचे वढ, मग छातीचा. आता वजन कमरंनं घेतलं. खांद्याला फकस्त सांभाळायचं काम." मग दुकानातल्या जिन्याकडे बघून म्हणाले, "चढ-उतर कर. तीन बार. बिलकुल घाई न्हाई."

पहिल्या वेळी मी भीतभीत चढले. दुसऱ्या वेळी कळेची वाट बघत. तिसऱ्यांदा खाली आले तेव्हा ध्यानात आलं की बराच वेळ माझा हात कठड्यावर नाही. मला एकदम भरून आलं. पट्टे सोडून, बॅग उतरवून नमस्काराला वळले तर ते तिथं नव्हते. दुकानदार म्हणाला, "आत्ताच गेले. नातीचं दप्तर घेतलंच न्हाई त्यांनी." मी रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंना पाहिलं. नावही विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी लातूरहून सकाळच्या बसनं किल्लारीला गेले. पुढची जीप फाट्यावर बंद पडली. आत गावापर्यंत तीनेक किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना तुरी, डोक्यावर ऊन. जुन्या बॅगेनिशी मी तिथूनच परत फिरले असते. मी कमरेचा पट्टा आवळला आणि चालायला लागले. दुखलं. खोटं कशाला सांगू, दुखलंच. पण ते मला थांबवू शकलं नाही.

सरूबाई दारातच बसल्या होत्या. फोटो सोळा वर्षांच्या मुलीचा, गाल आणि एक कान पार गेलेला. त्यांना शेजारी बसवून मी लॅपटॉप मांडीवर घेतला. त्या पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ येऊन सांगत होत्या, "गाल असा भरीव न्हवता गं. हनवटी जरा निमुळती." मी करत गेले. दुपार कलली. मग त्या पडद्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "आली की गं माझी शोभी. कवाधरनं वाट बघायलेय तुझी." त्या लेकीशी बोलत होत्या. मी उठून अंगणात गेले आणि मनसोक्त रडले.

पुढच्या काही महिन्यांत त्यांचा दुसराही डोळा गेला.

दुकानातले ते गृहस्थ कोण होते, याचा तर्क मी करत नाही. अर्धापूरचे एक फौजी आजोबा होते, तेवढं मला पुरे आहे. देवीकडे मी पाठ मागितली होती. पाठ काही बरी झाली नाही. सकाळी व्यायाम केल्याशिवाय आजही वाकता येत नाही. पण मी उभी आहे. आता निघताना बॅग भरते तेव्हा एकेक वस्तू हातात घेऊन विचारते, ही कामाची की भीतीची? भीतीची वस्तू घरी ठेवणं अजूनही जड जातं. ती ठेवते तेव्हा मनात म्हणते, आई, एवढं तू सांभाळ. माझ्याकडून नमस्कार म्हणावा तर तो एवढाच होतो.

परवा सरूबाईंचा फोन आला होता. त्यांच्या गल्लीत अजून चौघींकडे असे फोटो आहेत. "कवा येतीस?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी," मी म्हणाले.